पडद्यावरच्या फोनातला चंद्र

आमच्या घरात मोबाइल फोन येण्याच्या पुष्कळ आधी त्याचे चित्र आले. संगणकाच्या पडद्यावर, डाव्या कोपऱ्यात ते उभे राहत असे: राखी अंगाचे, गोलसर खांद्यांचे, पोटावर आकड्यांची बटणे आणि छातीवर आगपेटीएवढा छोटा पडदा. माउसचा बाण बटणावर नेऊन दाबला की ते बटण आत जाई आणि पुन्हा वर येई. त्यावरून कुणाला फोन लागत नसे, कुणाचा येत नसे. त्याला वजन नव्हते, ऊब नव्हती, कानाला लावायची सोय नव्हती. माझे यजमान त्याला ‘व्हर्च्युअल डिव्हाइस’ म्हणत, आणि म्हणताना आवाज किंचित खाली आणत, देवघरात बोलावे तसा. मी त्याला लटका फोन म्हणे. लटका राग असतो, लटके रुसणे असते. मग फोनच तेवढा खरा कशाला हवा?

खरा फोन घ्यावा अशी आमची त्या दिवसांत ऐपत नव्हती. आणि मौज अशी की ह्यांनी पोट भरायचा जो नवा मार्ग काढला होता, तो मोबाइल फोनसाठी प्रोग्राम लिहिण्याचा होता. घोडा न पाहता खोगीर शिवायला बसलेला कारागीर मी रोज सकाळी बैठकीत पाहत असे, आणि त्याच्यापुढे चहाचा कप ठेवत असे.

त्याआधी हे कापडाच्या मिलमध्ये होते, टाइम ऑफिसात. कामगारांच्या पाळ्या, हजेरी आणि भोंगा ही ह्यांची खाती. भोंगा ह्यांच्या इशाऱ्यावर वाजे, आणि अर्धे शहर त्या आवाजावर चूल पेटवी, डबे भरी, घड्याळे लावी. लग्न होऊन आले तेव्हा माहेरच्या मैत्रिणीला मी लिहिले होते की माझा नवरा इंदूरला सकाळ करतो. मग एकेक मिल बंद होत गेली. बाजारात परदेशी साबण, रंगीत चॅनेल आणि हप्त्यांवरच्या मोटारसायकली येत गेल्या, आणि मिलांच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्यातला खळीचा आंबूस वास विरत गेला. शेवटी आमच्याही मिलच्या फाटकाला कुलूप लागले. भोंगा थांबल्यावर कित्येक दिवस माझे दूध उतू जात राहिले.

टाइम ऑफिसातला एक रिवाज इथे सांगायला हवा, कारण पुढचा सारा घोटाळा त्याच्याच पोटी जन्मला. घड्याळ मागे का पडले, याची चौकशी तिथे कुणी करीत नसे. बोटाने काटा पुढे सरकवायचा आणि वर पाच मिनिटे पदरची घालायची, म्हणजे कामगार वेळेवर येतो. इतक्या वर्षांच्या नोकरीत, काटा सरकवला की जग दुरुस्त होते, अशी ह्यांची पक्की श्रद्धा होऊन बसली होती.

नागपूरला माझ्या थोरल्या दिरांचे नळ, टाक्या आणि फरशांचे मोठे दुकान. मिल बंद झाल्याचे कळताच त्यांनी निरोप धाडला, ‘निघून या. गल्ल्यावर बसा. वरची खोली रिकामीच आहे.’ निरोपात माया होती, म्हणूनच तो नाकारणे कठीण होते. जायचे म्हणजे राजेंद्र नगरातले घर भाड्याने द्यायचे, माझी शाळेतली मराठीची नोकरी सोडायची, आणि ह्यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर भावाच्या हाताखाली नळाच्या तोट्या विकायच्या.  नागपूरचा विषय निघाला की हे ताटलीतली संत्री बाजूला सारत. संक्रांतीपर्यंत कळवतो, एवढेच त्यांनी दादांना सांगितले, आणि कृष्णपुऱ्याजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये नाव घातले. राजघराण्याच्या समाध्यांच्या छत्र्यांपासून जवळच, नदीचा वास आत येऊ नये म्हणून बारमाही बंद ठेवलेल्या खिडक्यांचा तो वर्ग. तिथली मुले ह्यांना ‘अंकल’ म्हणत, आणि हे त्यांना उशिरा आल्याबद्दल रागावत. फी दोघांनी सारखीच भरली होती, हे ह्यांच्या ध्यानात राहत नसे.

त्याच वाटेवर एका मराठी गृहस्थांचा छापखाना होता. भिंतीवरची कॅलेंडरे आणि पंचांगे छापणे हा त्यांचा वडिलांपासूनचा धंदा. मालकांकडे रंगीत पडद्याचा नवाकोरा मोबाइल होता. तो ते खिशात न ठेवता हातात धरून हिंडत, नाहीतर तो असल्याचे लोकांना कसे कळावे? एकदा चहाच्या टपरीवर ते इंदुरी थाटात ह्यांना भाऊ मानून म्हणाले, “भिया, कॅलेंडर आता भिंतीवरून खिशात जाणार आहे. लिहून ठेवा. मला असा माणूस पाहिजे, जो पंचांग फोनमध्ये घालेल.”

“मी घालतो,” हे म्हणाले.

“पक्का?”

“एकदम पक्का.”

“मग संकष्टीचा चंद्रोदय घालून दाखवा. आपल्या इंदूरचा पाहिजे, मुंबईचा नको. चंद्र बरोबर निघाला तर तुमची नोकरी माझ्याकडे. नाही तर मी पुण्याहून कुणाला बोलावतो.”

ही अट बाहेरच्याला क्षुल्लक वाटेल. पण आमच्या मराठी घरांत संकष्टीला दिवसभर उपास, आणि चंद्र दिसल्याखेरीज पान वाढत नाहीत. कॅलेंडरे येतात महाराष्ट्रातून, त्यांतला ठळक चंद्रोदय तिकडचा. इंदूरला चंद्र थोडा आधी येतो. ती थोडी मिनिटे किती लांब असतात, हे उपाशी माणसालाच ठाऊक.

तर असा सौदा ठरला. चंद्र निघाला तर इंदूर, नाही तर नागपूर.

चंद्राच्या आधी अवजारे आली. क्लासमधलाच एक जुना संगणक घरी आणला होता, आणि अवजारे एका चकचकीत तबकडीवर उसनी मिळाली. मला वाटले, तबकडी आत सरकवली की झाले. पण ती तर लग्नघरी उतरलेली वऱ्हाडी मंडळी निघाली. प्रत्येकाला मान हवा, आणि तोही क्रमाने. आधी भाषा बसवायची, जावा तिचे नाव. तिच्यामागून अवजारांची पेटी. पेटीतून मग लटका फोन. क्रम चुकला की कुणीतरी व्याही रुसून जानवशाला परत. त्यानंतर संगणकाला प्रत्येकाचा पत्ता लिहून द्यायचा, की ही मंडळी अमुक कप्प्यात उतरली आहेत, हाक मारायची तर तिथे मार. त्या पत्त्यात ह्यांच्या हातून कुठेतरी काहीतरी निसटले, आणि ‘सापडत नाही’ असा एकच इंग्रजी निरोप पडद्यावर पुन:पुन्हा येऊ लागला.

“अहो, तुमचा चष्मा आणि ही पेटी,” मी म्हटले, “दोन्ही घरातच असतात आणि दोन्ही सापडत नाहीत.”

“तू आपली कविता कर,” हे म्हणाले.

त्यात कटौती. त्या वर्षांत वीज आमच्याकडे पाहुणीसारखी येई आणि निघायची घाई असल्यासारखी वागे. पेटी निम्मी उघडली की दिवे जात, खाली ठेवलेला यूपीएस रातकिड्यासारखा किर्र ओरडू लागे, आणि हे ‘बंद कर, बंद कर’ असे स्वतःलाच ओरडत संगणक मिटवीत. मग अंधारात तापलेल्या धुळीचा आणि प्लास्टिकचा वास बैठकीभर रेंगाळे. मिलमधून येताना ह्यांच्या सदऱ्याला कापसाचा आणि तेलाचा वास असे. आता हा नवा वास सदऱ्यात मुरू लागला होता. मला तो आवडत नसे, पण सदरा धुवायला टाकताना मी तो हुंगून पाही. नोकरीचा वास कसला का असेना, घरात असावा.

एका सकाळी मंडळी नांदू लागली. पडद्यावर पहिल्यांदा तो राखी फोन उभा राहिला. पण उठायला भारी आळशी. संगणकाचे बळ त्याच्या मानाने तोकडे होते. मी कुकर चढवला की हे फोन चालू करीत. पहिल्या शिट्टीला फोनचा सांगाडा दिसे, दुसरीला त्याचा पडदा उजळे, आणि डाळ शिजून कुकर उतरवेपर्यंत तो बटणे दाबून घ्यायला राजी होई. “तुमचा जावई उठला का?” असे मी स्वयंपाकघरातून विचारी.

मग हे चंद्राच्या मागे लागले. बी.एस्सी.ला शिकलेले गणित माळ्यावरून काढून झाडावे तसे त्यांनी झाडले. अक्षांश, रेखांश, क्षितिज, चंद्राची गती. बैठकीत कागदांचा सडा पडे. मी मराठी कवितेत एम. ए. केलेली बाई, चंद्र हा माझ्या खात्याचा विषय असा माझा समज होता. आता तो माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्या खात्यात बदलून जात होता. मी तसे बोलूनही दाखवले.

“तुझ्या खात्यात फार ढिलाई आहे,” हे मान वर न करता म्हणाले. “दिवाळी अंकात आलेली तुझी ती कविता. लक्ष्मीपूजनाची रात्र, आणि अंगणात चांदणं.”

“ते मनातलं चांदणं होतं.”

“मनातलं असलं तरी माणसानं तिथी बघावी.”



कार्तिकातल्या संकष्टीला पहिली चाचणी झाली. मी सकाळी साबुदाण्याची खिचडी खाल्ली होती, तिचा केव्हाच विसर पडला होता. दुपारी ह्यांनी हाक मारली, “ये, ये, चंद्र निघतोय.” मी ओले हात पदराला पुसत गेले. लटक्या फोनच्या आगपेटीएवढ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत चंद्रोदयाची वेळ उमटली होती: दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटे.

खिडकीबाहेर रखरखीत ऊन होते. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत होते. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजत आले होते.

“म्हणजे निघून गेलाच की,” मी म्हटले. “चला, पाट मांडते.”

हे हसले नाहीत. त्यांनी गणित पुन्हा केले. पुन्हा दुपारच. संध्याकाळपर्यंत त्यांनी चंद्राला हरतऱ्हेने दटावले, आणि दिवेलागणीला त्यांना त्याचे बिंग कळले. “हा फोन विलायतेच्या वेळेवर चालतोय,” ते म्हणाले. “त्यानं जन्मतानाच तिथलं घड्याळ बांधलंय. आपण साडेपाच तास पुढं.”

“आपल्या बैठकीत बसून विलायतेत राहतो?”

“तसंच.”

“मग त्याला सांगा ना, की आता तुला इंदूरला दिलंय. मलाही सांगितलंच होतं की.”

“ते कुठं सांगायचं, तेच सापडत नाहीये.”

थोडा वेळ शोधून त्यांनी शेवटी तेच केले, जे टाइम ऑफिसात आयुष्यभर केले होते. काटा सरकवला. प्रोग्राममध्ये जिथे चंद्राची वेळ लिहून दाखवायची, तिथे साडेपाच तास स्वतःच्या हाताने वाढवून टाकले. लटक्या फोनवर चंद्र रात्री आठच्या सुमाराला गेला, आणि त्या रात्री तो आमच्या गच्चीवरूनही तेव्हाच दिसला. ह्यांनी मोदकाचा पहिला घास विजयाने तोडला. खऱ्या फोनला आपण कुठल्या गावी आहोत ते मुळातच ठाऊक असते, हा विचार आमच्या दोघांच्याही डोक्यात आला नाही. खरा फोन घरात होताच कुठे?

मार्गशीर्षातल्या संकष्टीला छापखान्याचे मालक आमच्या घरी आले. प्रोग्राम फोनमध्ये उतरवायचा तर संगणक इथे होता, आणि फोन व त्याची केबल त्यांच्याकडे. त्यांच्यासोबत त्यांच्या आईही आल्या. कडक उपासाच्या, दिवसभरात चहा नाही, खिचडी नाही. शालीत गुंडाळलेल्या त्या लहानखुऱ्या मूर्तीने आल्याआल्या बैठकीतली सर्वांत ताठ खुर्ची घेतली.

“मावशी, पाणी तरी घ्या,” मी म्हटले.

“पाणी घेते. पण मी पाण्यासाठी नाही आले. हा म्हणाला, चंद्र आता खिशात निघणार. म्हटलं, बघूया तरी. इतकी वर्षं मी डोळ्यांनी बघते, तर काय चुकत होतं माझं?”

स्वयंपाकघरात तळणीच्या मोदकांचा खमंग वास दरवळत होता. खोबरे, खसखस, वेलदोडा, आणि तुपात फुगत जाणारी पारी. चार उपाशी माणसांच्या घरात त्या वासाने किती छळ मांडला असेल, ते सांगायला नको. ह्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. ते केबल दोन्ही हातांनी धरत होते, आणि मी ते पाहत नसल्याचे दाखवत होते.

आधी लटका फोन दाखवला. चंद्रोदय, रात्री आठ चोपन्न. मालकांनी खिशातून स्वतःच्याच छापखान्याचे पंचांग काढून ताडून पाहिले. मान डोलावली. “बढिया. आता माझ्यात घाला.”

केबल लागली. रंगीत पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या चालीने पुढे सरकली. मालकांनी अंगठ्याने बटण दाबले, फोन डोळ्यांजवळ नेला, दूर धरला आणि आईच्या हातात दिला.

“काय लिहिलंय, वाचून सांग.”

“पहाटे दोन चोवीस, आई.”

मावशींनी फोनकडे पाहिले. मग पडद्यावरच्या राखी चित्राकडे. “हा म्हणतो रात्री, तो म्हणतो पहाटे. मतलब गणपतीनं आज दोन्हीकडे जेवायला जायचं का?”

मला हसू आले आणि ते तिथेच विरले, कारण ह्यांचा चेहरा मी पाहिला. मिलच्या फाटकाला कुलूप लागले त्या संध्याकाळीही तो इतका रिता दिसला नव्हता. दोन फोन शेजारी शेजारी, एकच प्रोग्राम, आणि दोन चंद्र. मालक मनगटावरच्या घड्याळाकडे पाहू लागले. “असू द्या, भिया,” ते समजुतीच्या आवाजात म्हणाले. “होतं असं. पुन्हा कधीतरी बघू.”

त्या ‘पुन्हा कधीतरी’मध्ये मला नळांच्या तोट्या लखलखताना दिसल्या.

ह्यांनी बोटांवर काहीतरी मोजले. “साडेपाच तास,” ते हळूच म्हणाले, मग मोठ्याने, “साडेपाच तासांचा फरक आहे. चूक फोनची नाही, माझी आहे. पडद्यावरचा फोन विलायतेच्या वेळेवर होता, म्हणून मी काटा हातानं पुढं सरकवून ठेवला. तुमच्या फोनला माहीत आहे, तो इंदूरलाच आहे. मी त्याला इंदूरहून पुन्हा इंदूरला आणायला गेलो.”

“मग काढून टाका नं तो काटा.”

ह्यांनी तो काढला. लटका फोन पुन्हा उठवला. चंद्रोदय, दुपारी तीन चोवीस.

“घ्या,” मालक म्हणाले. “आता हा बिघडला.”

“तुमच्यात बरोबर दिसेल,” हे म्हणाले.

“अहो, पण मला दहा जणांच्या दहा फोनांत घालायचाय. कुणाचं घड्याळ कुठलं, मला काय माहीत?” मालक उठले आणि चपला शोधू लागले. “चल, आई.”

“मी नाही उठत,” मावशी म्हणाल्या. “चंद्र निघायला अवकाश आहे. रस्त्यात निघाला तर काय स्कूटरवर अर्घ्य देऊ? आणि घरात मोदक झालेत, मला वास येतोय. ह्या भल्या माणसाला तोवर करू दे काय करायचं ते. पण दोघांचं एक झालं पाहिजे हं. दोन चंद्र मी चालवून घेणार नाही.”

मालक नाइलाजाने पुन्हा बसले. हे खुर्चीत पुढे झुकले होते, कीबोर्डवर बोटे नुसतीच ठेवून.  बसल्या बसल्या मालकांनी आपले पंचांग उघडले, वेळ जावा म्हणून चाळले, आणि धंद्याची माणसे करतात तशी धंद्याची तक्रार सुरू केली. “आमच्याकडे ही भानगडच नाही. पानाच्या डोक्यावर आधी गावाचं नाव. इंदूर, तर इंदूर. त्याच्याशिवाय मी एक पान मशीनवर चढवू देत नाही. खाली किती का आकडे असेनात.”

हे वळले. “काय म्हणालात?”

“गावाचं नाव म्हटलं.”

“ते मी घातलंच नाही,” हे म्हणाले, आणि लिहू लागले. मला त्यांनी नंतर समजावून सांगितले ते असे: फोनचे घड्याळ कुठले आहे ते विचारायचेही नाही आणि सरकवायचेही नाही, प्रोग्रामनेच डोक्यावर लिहून घ्यायचे की इथे जी वेळ दाखवायची ती हिंदुस्थानची. मग फोन विलायतेत जन्मलेला असो की इंदूरला नांदत असो. एका ओळीचे काम. आयुष्यभर काटे सरकवलेल्या माणसाला ती ओळ सुचायला उपाशी म्हातारी आणि कंटाळलेला छापखानेवाला लागला.

लटका फोन उठायला लागला. त्याचा सांगाडा आला. पडदा काळाच.

“हा काय विलायतेहून पायी येतोय?” मावशींनी विचारले.

“त्याला जरा वेळ लागतो,” हे म्हणाले.

“नऊला कटौती आहे,” मी आठवण दिली. मदत म्हणून दिली होती; ह्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले त्यावरून ती तशी पोचली नसावी.

पडदा उजळला. आठ चोपन्न. ह्यांनी केबल घातली. निळी पट्टी निघाली, अर्ध्यावर थबकली, पुन्हा निघाली. मालकांनी अंगठ्याने बटण दाबले आणि या वेळी फोन आईकडे न देता स्वतःच मोठ्याने वाचला, “रात्री आठ चोपन्न.”

“दोघांचं एक झालं,” मावशी म्हणाल्या. “आता तिसऱ्याला विचारू. चला गच्चीवर.”

आम्ही ताम्हन, पळी, दूर्वा, जास्वंद आणि नैवेद्याचे ताट घेऊन जिना चढत होतो, तोच दिवे गेले, नऊ वाजायच्या आधीच. खाली बैठकीत यूपीएस किर्र करू लागला आणि हे पाठ फिरवून धावले, संगणक मिटवायला. अर्ध्या जिन्यात मालकांना धक्का देऊन. मागाहून धापा टाकत वर आले. राजेंद्र नगर सगळे अंधारात बुडाले होते. थंडी कानांना चावत होती. कुठेतरी शेकोटीत कडुनिंबाच्या काटक्या जळत होत्या, त्यांचा कडवट धूर गच्चीवर तरंगत होता. पूर्वेला शहराकडची घरे एकात एक मिसळून काळी झाली होती, आणि त्यांच्यामागे आभाळाचा काठ किंचित उजळलेला, कोमट राखेसारखा.

मालकांनी फोनचा उजेड मनगटावर पाडला. “आठ चोपन्न झाले.”

चंद्र नव्हता.

 मी ह्यांच्या शेजारी उभी होते. कवितेत मी चंद्राला शेकडो वेळा बोलावले आहे आणि तो दर वेळी आला आहे. त्या रात्री मला पहिल्यांदा कळले की ते फारच स्वस्तातले येणे होते. समोरच्या घराची पाण्याची टाकी तेवढी आभाळाच्या उजळ काठावर काळी ठिक्कर बसली होती. हे तिच्याकडेच टक लावून पाहत होते. मग टाकीच्या एका अंगाला तांबूस रेघ फुटली. रेघ जाड झाली, तिला गोलाई आली, आणि एका बाजूने झिजलेला, चुलीवरून उतरवलेल्या तांब्याच्या पातेल्यासारखा रसरशीत चंद्र टाकीआडून सावकाश बाहेर पडला.

“उशीर झाला त्याला,” मावशी म्हणाल्या.

“नाही मावशी. उगवला वेळेवर. टाकीच्या मागे होता.”

“मग टाकी पण घाल तुझ्या गणितात.”

मालक इतके हसले की शेजारच्या अंधाऱ्या गच्चीवरून कुणीतरी “क्या हुआ भिया?” असे विचारले. मावशींनी अर्घ्य दिले. पळीतून पडणाऱ्या पाण्याच्या धारेत चांदण्याची एक तार क्षणभर दिसली, असे मला वाटले. पण आता मी तिथी पाहून बोलते, म्हणून एवढेच म्हणते की धार दिसली.

खाली मेणबत्तीच्या उजेडात पाने वाढली. मावशींनी आधी दोन मोदक खाल्ले, मग तोंड उघडले. मालकांनी जेवण होईपर्यंत नोकरीबद्दल अवाक्षर काढले नाही. मी भात वाढायला वाकले की ह्यांच्याकडे पाही, आणि हे मीठ मागत, मीठ पानात असताना. शेवटी हात धुऊन, दारात चपला घालता घालता मालक म्हणाले, “सोमवारी या, भिया. टाइमावर.”

“टाइमावरच येईन,” हे म्हणाले.

“ते तर मी पाहिलंच आज.” ते जिना उतरू लागले, मग थांबले. “आणि छापखान्याच्या खर्चानं एक खरा फोन घेऊन ठेवा. तुमच्या त्या विलायतेच्या पाहुण्यावर सगळा भरोसा नको.”

स्कूटरचा आवाज दूर गेला. दिवे अजून आले नव्हते. ह्यांनी मेणबत्ती उचलून टेलिफोनच्या तिवईवर ठेवली. “दादांना सांगून टाकतो,” ते म्हणाले, आणि रिसीव्हर हातात घेऊन नुसतेच उभे राहिले. मायेने बोलावणाऱ्या भावाला नाही म्हणायचे, हे त्यांच्या कुठल्याच गणितात बसत नव्हते. मी दोनचार वाक्ये सुचवली, जरा बरी, भावपूर्ण. ह्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाले, “हे सगळं बोलायला लागलो तर दादा घाबरतील. त्यांना वाटेल, कुणी गेलं.”

मग त्यांनी नंबर फिरवला. “दादा, मी बोलतोय. नाही, नाही, सगळं ठीक. इथंच काम मिळालं मला... हो, इंदूरलाच... एका छापखान्यात... नाही, छपाईचं नाही.” इथे ते थांबले, माझ्याकडे पाठ केली. “चंद्राचं. चंद्र कधी निघणार, ते फोनमध्ये दाखवायचं.”

 मग रिसीव्हरमधून काहीतरी खरखरले, आणि ह्यांचे खांदे हलू लागले. क्षणभर मला धस्स झाले. पण हे रिसीव्हरवर हात ठेवून वळले, आणि मेणबत्तीच्या उजेडात त्यांचे दात दिसले.

“अगं,” ते म्हणाले, “दादा विचारताहेत, पगार फक्त कृष्णपक्षातच मिळणार का?”